मुखवटा उतरणार होता तो अंक

मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते आणि स्थळं बघणं चालू होतं. त्या वयात मुलीनं विणकाम शिकावं, अशी आमच्या धरणगावात रीत होती. मी चित्रकथा वाचत होते. हिरवा अंगरखा, डोळ्यांवर मुखवटा, एका हातानं मालगाडी थोपवणारा आमचा वीर दर पंधरवड्याला जळगाव स्टेशनच्या स्टॉलवर यायचा आणि तिथून भावाच्या डब्याच्या पिशवीतून घरी. भाऊ जळगावला एका मारवाडी शेठच्या कापसाच्या पेढीवर कामाला होता. सकाळच्या पॅसेंजरनं जायचा, संध्याकाळच्या गाडीनं यायचा. ‘पोरकट पुस्तकं’ म्हणून हिणवायचा, पण आणायचा. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणून मी त्याच्या शर्टांना इस्त्री करून द्यायचे.

माझी मतं तेव्हाही ठाम होती. नव्या चित्रकारानं वीराची हनुवटी पहिलवानासारखी केली, ते मला अजिबात खपलं नाही. छपाई अशी, की ओठांचा लाल रंग घसरून गालावर आलेला. दुष्ट माणूस दरवेळी टकला का असतो आणि वीर तावडीत सापडल्यावर त्याला मारायचं सोडून आपला बेत का सांगत बसतो, हे मला कुणी आजवर पटवून दिलेलं नाही. सगळ्यात मोठा राग मागच्या पानावरच्या जाहिरातीचा. पुढच्या अंकात मुखवटा उतरणार, असं तिथं ठळक छापलेलं असायचं. तो काही उतरायचा नाही.

हे सगळं ऐकून घ्यायला घरात कुणी नव्हतं. मग वहिनी आली.

ती शिंदखेड्याजवळच्या खेड्यातली. वाचायची पुस्तकातलं मराठी, बोलायची अहिराणी. आमच्या आईला गावातल्या चार बायकांत नीटनेटकं बोलण्याचा अभिमान. तिनं पहिल्याच महिन्यात वहिनीचे शब्द पाहुण्यांसमोर दुरुस्त केले आणि वहिनी मुकी झाली. हो आणि नाही, याच्यापलीकडे तिचा आवाज ऐकू येईना. मला ते बघवत नसे. दुपारी ती तांदूळ निवडायला बसली की मी तिच्याशेजारी बसून अंक मोठ्यानं वाचायला लागले. आई पलीकडे आमच्याकडे पाठ करून गहू पाखडत असायची.

एका दुपारी वीरानं अख्खं शहर आगीतून वाचवलं आणि नेहमीसारखा एकटाच अंधारात निघून गेला. वहिनी मान वर न करता म्हणाली, “बठ्ठासले वाचाडस हाऊ. पन याना घर कोनी वाट दखस का नही?”

इतके अंक पालथे घातले, पण सगळ्यांना वाचवणाऱ्या या वीराची घरी कुणी वाट बघतं का, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या दिवसापासून वहिनीला मतं फुटली. दर अंकात अंगरखा फाटतो तो शिवतं कोण, हे तिला हवं असायचं. वीरानं गाडी थोपवली, तर आत माहेरी निघालेल्या बाया असतील, त्यांचं काय, म्हणून ती हळहळायची. पुढच्या अंकात काय होणार यावर आमच्या पैजा लागायच्या आणि बहुतेक वेळा तीच जिंकायची.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर आलेला अंक वीर धरणाच्या पाण्याखाली असताना संपला. मागच्या पानावर पुन्हा तेच, मुखवटा उतरणार. वहिनी ते पान बघत असताना शेजारच्या काकू आल्या. आई ओशाळली आणि हसत म्हणाली, “सून आणलीय की शाळेतली पोर, तेच कळत नाही.” वहिनी उठून आत गेली. थोड्याच दिवसांत तिचा भाऊ सणाला न्यायला आला, तेव्हा ती सगळ्यांच्या पाया पडून निघाली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

आखाजी झाली, झाडांना बांधलेले सणाचे झोके उतरले, सगळ्यांच्या सुना परतल्या. आमची आली नाही. वडील नव्हते, घरात आईचा शब्द चालायचा. ती म्हणे, निरोप आल्याशिवाय आपलं माणूस जायचं नाही. तिकडचे म्हणत, सासरचं कुणी न्यायला आल्याशिवाय पोर धाडायची नाही. दोन्ही घरं आपापल्या मानाला धरून बसली. भाऊ मुकाट्यानं जेवायचा, मुकाट्यानं उठायचा. वहिनी आता येतच नाही, या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला होता. तिची मला फार आठवण यायची.

त्यातच नवा अंक आला. भाऊनं तो माझ्यापुढे ठेवला. मी हात लावला नाही. त्यानं कारण विचारलं, तेव्हा मी म्हणाले, वहिनीशिवाय वाचणार नाही. शनिवारी सकाळी त्यानं अंक उचलून पुन्हा डब्याच्या पिशवीत टाकला. स्टॉलवर परत देणार, असंच मला वाटलं.

त्या संध्याकाळी पॅसेंजर आली आणि गेली, भाऊ घरी आला नाही. स्टेशनावरून आलेल्या एकानं सांगितलं, भाऊ खिडकीत बसला होता, उतरला नाही. ती गाडी धरणगावावरून पुढे अमळनेर, नरडाणा करत शिंदखेड्याला जाते.

रविवारी दुपारी दोघं दारात उभे. आईनं विचारलं, बोलावणं नसताना आणायला जायचं नाही, असं ठरलं होतं ना?

“आणायला नव्हतो गेलो,” भाऊ म्हणाला. “अंक द्यायला गेलो होतो.”

तिकडेही त्यानं हेच सांगितलं होतं. त्यांनी जावयाला आमरसाचं जेवण घातलं आणि पाहुणे जातच आहेत तर सोबत होईल, म्हणून मुलीला धाडलं. कुणी आणायला गेलं नाही, कुणी आपणहून पाठवलं नाही. पेढीवर मान खाली घालून बसणाऱ्या माझ्या भावाचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा वीराचाही कधी वाटला नव्हता.

वहिनीनं पिशवीतून अंक काढला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. “ताई, तुम्हनाबिगर कसं वाचू?” म्हणाली. माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी घाईघाईनं पहिलं पान वाचू लागले.

“तू थांब,” गव्हाचं सूप घेऊन आमच्याकडे पाठ करून बसत आई म्हणाली. “तिला वाचू दे.”

वहिनी आधी अडखळत वाचत होती. वीर पाण्यातून वर येईपर्यंत तिनं पुस्तकातलं मराठी सोडलं आणि ती अहिराणीत सांगायला लागली. आईनं एकही शब्द दुरुस्त केला नाही. शेवटच्या पानावर मुखवटा खरोखरच उतरला, पण चित्रात वीर पाठमोरा. मी छापणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडायला लागले.

आईनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आमच्याकडे तोंड करून बसली.

“मग त्याच्या घरी कुणी वाट बघत होतं का गं?” तिनं वहिनीला विचारलं.

वहिनीनं अंक मिटला आणि आईनं बाजूला ठेवलेलं सूप आपल्याकडे ओढून घेतलं.

“दखतस ना, आई,” ती म्हणाली. “घरना बठ्ठा वाट दखतस.”