उलटी गुंडाळलेली टेप

दीक्षा आणि चेतन येरवड्यातल्या एकाच वसाहतीत वाढले. डिप्लोमा एकत्र केला, मग एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये शेजारी शेजारी काम केलं. २०११ मध्ये दोघांनी नोकरी सोडून गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामाचं स्वतःचं गॅरेज काढलं, तेव्हा दीक्षाचे वडील सीतारामभाऊ सगळ्यांना सांगत फिरले, "मुलगी एकटी नाही, चेतन आहे बरोबर."

गिऱ्हाइकांशी बोलणं चेतनकडे होतं. दीक्षाकडे यायच्या त्या चार ठिकाणी फिरून आलेल्या गाड्या. नव्या गाड्यांत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, मीटर अशा प्रत्येकाला आपला छोटा संगणक असतो, आणि ते सगळे एकमेकींवर पिळलेल्या दोन वायरींवरून सतत एकमेकांशी बोलत असतात. ते बोलणं मध्येच तुटलं तर दोष शोधणं अवघड. दीक्षाला तेच काम आवडायचं.

नम्रता खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिची गाडी पहिल्यापासून यांच्याकडेच यायची. एका वर्षी चालत्या गाडीत मीटरचा काटा शून्यावर यायला लागला, सगळे दिवे लागायचे, स्टिअरिंग जड व्हायचं. एकदा तर नगर रोडवर, मागे ट्रक असताना. चेतनने आधी बॅटरी बदलली, मग मीटर. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तो पार्ट आणायला नाना पेठेत गेला होता, म्हणून दीक्षाने गाडी हातात घेतली.

स्कॅनर लावला तर ब्रेकचा संगणक म्हणत होता, इंजिनकडून निरोप येत नाही. इंजिनचा म्हणत होता, ब्रेककडून येत नाही. सगळेच एकमेकांच्या नावाने ओरडतात तेव्हा बहुधा त्यांच्यातलं कुणीच बिघडलेलं नसतं, मधली वाट बिघडलेली असते. तिने बॅटरी सोडवून त्या दोन वायरींमधला रोध मोजला. साठ ओहम, अगदी हवा तेवढा. मग स्टिअरिंगखाली हात घालून वायरिंग हलवलं, आणि आकडा एकदम खाली आला.

खालचं पॅनेल काढल्यावर कारण दिसलं. दोन्ही वायरी सोलून त्यांना काडेपेटीएवढी एक डबी जोडलेली होती. गाडी कुठे आहे, कधी सुरू झाली, दार कधी उघडलं, हे दुसऱ्याच्या फोनवर कळवणारी. टेप सरकून दोन जोड एकमेकांना घासत होते. टेप उलट्या दिशेने गुंडाळलेली होती. चेतन डावखुरा होता. त्याची टेप दीक्षाने वर्षानुवर्षं पाहिली होती.

तिने नम्रताला डबी दाखवली. ही कुणी बसवली हेही सांगितलं. नम्रताने वाकून ती डबी नीट पाहिली. मग म्हणाली, मागच्या सर्व्हिसिंगला गाडी दिग्विजयच घेऊन आला होता. दिग्विजय तिचा नवरा.

"काढून टाकते," दीक्षा म्हणाली.

"नको. काढली तर त्याला लगेच कळेल. गाडी रस्त्यात बंद पडू नये, एवढंच करा."

दीक्षाने डबीच्या त्या दोन वायरी तोडल्या, जोड नीट केले, आणि डबीला फक्त बॅटरीचा पुरवठा ठेवला. गाडी शहाण्यासारखी चालायला लागली आणि आपला ठावठिकाणा तेवढा सांगत राहिली. ते पॅनेल परत बसवताना दीक्षाला स्वतःच्या हातांची लाज वाटली.

दुपारी चेतन आला. तिने विचारलं तेव्हा त्याने नाकारलं नाही.

"गाडी दिग्विजयसरांच्या नावावर आहे. मालकाने सांगितलं, मी केलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू करू दिलं नसतंस."

"नगर रोडवर तिचं स्टिअरिंग जड झालं. कारण तुला माहीत होतं आणि तू मीटर बदलत बसलास."

तो म्हणाला, नीट करणारच होतो, पण नम्रता गाडीजवळून हलत नव्हती, तिच्यासमोर ती डबी कशी उघडी करणार. अशा आणखी किती गाड्या आहेत, असं तिने विचारलं. त्यावर तो हात पुसत राहिला.

महिना संपायच्या आत दीक्षा बाहेर पडली. आता वाघोलीत तिचं लहानसं गॅरेज आहे. जुनी गिऱ्हाइकं चेतनकडेच राहिली. त्यांच्या ओळखीचा चेहरा त्याचाच होता. नम्रता पुन्हा आली नाही, आणि दीक्षाने फोन केला नाही, कारण तो फोन कोण पाहत असेल याची तिला खात्री नव्हती.

घरी तिने काही सांगितलं नाही. सांगायचं तर नम्रताचा संसार चव्हाट्यावर आला असता. त्यामुळे सीतारामभाऊंना वाटतं, मुलीनेच तुटेपर्यंत ताणलं. चेतन अजून त्यांना वाटेत भेटतो, वाकून नमस्कार करतो, दीक्षाची चौकशी करतो. घरी आल्यावर ते तिला सांगतात, "पोरगा काही वाईट नाही गं. तू जरा पडतं घ्यायचं होतंस."

दीक्षा ऐकून घेते.