फोन विसरला की भाषा बदलली!

किस्से म्हणजे स्वयंपाकघरात जपून ठेवलेल्या पिशव्या. एकीत एक कोंबलेल्या. एक ओढली की चार बाहेर! पुलगावची शाळा सोडून मी पिपरी मेघेत राहायला आलो, तरी तिथल्या स्टाफरूमचे किस्से काही संपत नाहीत.

आमच्याकडे एक रिवाज होता. तासाला जाताना जो टेबलावर फोन विसरेल, त्याच्या फेसबुकची भाषा बदलायची. परत त्यानंच आणायची. नाही जमलं, तर सगळ्यांना तर्री-पोहे!

*

काळे मॅडमचं फेसबुक आम्ही कोरियन केलं. आठवडा गेला, मॅडम शांत. शेवटी आम्हालाच राहवेना. विचारलं, तर म्हणाल्या, “बदललं काय? मले तं माईतच नाई. मी वाचते कुठं? फोटो पाह्यते अन् लाईक देते!”

*

गणिताच्या ठाकरे सरांचं अरबी केलं. अरबी उजवीकडून चालते, त्यामुळे सगळी बटणं उलटी! नेमक्या त्याच दिवशी संस्थेच्या अध्यक्षांच्या सासूबाई वारल्या. सरांना चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा राहिला घरी. रडका चेहरा नेहमी असतो तिथं त्यांनी सवयीनं बोट ठेवलं, अन् श्रद्धांजलीच्या पोस्टवर लाल बदाम!

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन, “सर, माह्या मनातलं तुमाले कसं कळलं?”

*

इंग्रजीचे देशमुख सर मात्र वस्ताद. जपानी, तमिळ, रशियन, काहीही करा, गडी दोन मिनिटांत परत! मग एकदा आम्ही मराठी करून ठेवली. अख्खी मधली सुट्टी सर घामाघूम.

“अबे, हे ‘गोपनीयता’ काय असते?”

त्या दिवशीचे पोहे फार चवदार लागले.

*

इतिहासाचे ढोले सर आम्हा सगळ्यांत मोठे. त्यांच्या फोनवर आम्ही जगातल्या सगळ्या भाषा करून पाहिल्या, एक जर्मन सोडून. त्यांच्या मुलानं, निखिलनं, जर्मनीतच तिकडच्या मुलीशी लग्न केलं होतं, घरी न विचारता. तेव्हापासून सरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याचा फोन आला की ढोले काकू स्वयंपाकघरात जाऊन बोलत, आणि सर मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवत. स्टाफरूममध्येही निखिलचं नाव कोणी काढत नसे. एवढी थट्टा करणारे आम्ही, पण त्या वाटेला कधी गेलो नाही.

*

आता सगळ्यांच्या फोनला अंगठ्याचं कुलूप. कोण कुठं, कोण कुठं. त्या टेबलाची फार आठवण येते.

मी तिथं होतो तेव्हाच ढोले सर रिटायर झाले. निरोप समारंभाला भाषणं चालू होती आणि सरांचा फोन टेबलावर! म्हटलं, शेवटचा हात मारून घेऊ. उघडला, तर फेसबुक आधीच जर्मन!

काळे मॅडमना खुणेनं विचारलं, ठाकरे सरांना विचारलं, देशमुख सरांना विचारलं. प्रत्येकानं कानांवर हात ठेवले. एवढ्यात सर शाल-श्रीफळ घेऊन शेजारी येऊन बसले. मी घाबरतच फोन पुढे केला. “सर, हे कोणी केलं माहीत नाही. थांबा, नीट करून देतो.”

“राहू दे. मीच केलं.”

“काऊन सर?”

सरांनी फोन घेऊन खिशात ठेवला.

“निखिलची पोरगी बोलाले लागली म्हणते. मराठी येत नाई तिले. पह्यलं तं मलेच बोला लागन न!”