मी गप्प, तीन मिनिटं

आमच्या शिक्षकखोलीतल्या एका बाईंना सगळे ‘टाचणबाई’ म्हणत. सव्वीस वर्षं एकच विषय शिकवूनही त्या रोज दुसऱ्या दिवसाच्या तासाचं टाचण काढायच्या: कितव्या मिनिटाला काय करायचं, कोणता प्रश्न, तो कोणाला. मी गेल्या वर्षीच्या टाचणावर नवी तारीख घालून मोकळा होणारा माणूस. जे सव्वीस वर्षं शिकवलं ते झोपेतसुद्धा येईल, मग हा हट्ट कसला, असं मला वाटायचं.

मग बाई जिन्यात पडल्या, उजवं मनगट मोडलं आणि त्यांचा दुपारचा वर्ग माझ्या गळ्यात आला. बाहेरून आलेली मोठी माणसं इथली भाषा शिकायची. एक शिंपी, एक वेल्डर, दोन नर्स, नातवाशी बोलता यावं म्हणून येणारे एक आजोबा, आणि खिडकीजवळ एक स्वयंपाकीण. ही इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. फळ्यावरचं सगळं सुबक अक्षरात उतरवून घ्यायची, पण दोन महिन्यांत तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. तीन आठवड्यांनी तोंडी परीक्षा होती. त्यात पास झाली नाही तर इस्पितळ तिला नोकरीत कायम करणार नव्हतं.

बाईंनी टाचणवही माझ्याकडे पाठवली. ती चाळताना दोन गोष्टी मला कळेनात. एक म्हणजे प्रत्येक तासात कुठेतरी लिहिलेलं, ‘मी गप्प, तीन मिनिटं.’ कधी दोन, कधी चार. शिक्षकाने गप्प बसायचं, तेही ठरवून? दुसरी म्हणजे स्वयंपाकिणीसाठी रोज एक प्रश्न लिहिलेला आणि तो रोज खोडून शेजारी ‘आज नको.’ तास झाल्यावरच्या नोंदी लाल शाईत: ‘भाज्यांची नावं. ओठ हलले.’ ‘घर हा शब्द आला, तिने वही मिटली. घराचा धडा पुढे.’ हा धडा असा सहा वेळा पुढे ढकलला होता. पुस्तकात तो तिसरा, आणि बाई अकराव्यावर पोचल्या होत्या.

तिच्या घरी काय झालं असेल? मला काही चैन पडेना. शिवाय परीक्षेत पहिलाच छापील प्रश्न घराबद्दलचा असतो, तेव्हा कधी ना कधी विचारावाच लागणार, अशी सबब मी तयार ठेवलेली. चौथ्या दिवशी, उचलली जीभ लावली टाळ्याला, मी सगळ्यांदेखत विचारलं, “तुमच्या घरी कोण कोण आहे?”

तिने वही पिशवीत घातली, खुर्ची आवाज न करता मागे सारली आणि निघून गेली. पुढचे चार दिवस ती आली नाही. पाच दिवस गैरहजर राहिलं की नाव कटायचं आणि परीक्षाही जायची.

मी बाईंच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत बसले होते. “मास्तर, तुमचं तोंड सांगतंय, काहीतरी फोडून आलात,” ते म्हणाले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी विचारलंच, “पण तिच्या घरी झालंय तरी काय?”

“मला काय माहीत?”

“दोन महिन्यांत तुम्ही विचारलं नाही?”

“ती भाषा शिकायला आलीय, जबानी द्यायला नाही. तुझं म्हणजे पी हळद नि हो गोरी. आता बस आणि लिही, माझा हात बांधलाय.”

“काय लिहू?”

“तिला काय येतं?”

“काहीच बोलत नाही ती.”

“बोलण्याचं नाही विचारलं. तिला येतं काय?”

मी डोकं खाजवलं. “दोनशे माणसांचा स्वयंपाक.”

“आणि तुला?”

मला चहासुद्धा धड येत नाही. बाईंनी तेच टाचणात पहिल्या ओळीत लिहायला लावलं. एका तासाचं टाचण काढायला दोन तास लागले, तीन कागद फाडले. “माझी घड्याळं यापेक्षा लवकर चालू होतात,” यजमान म्हणाले.

तिथून मी इस्पितळाच्या मागच्या दाराशी गेलो. ती बटाटे सोलत होती. “माझं चुकलं,” मी म्हणालो. “वर्गात तो प्रश्न मी पुन्हा विचारणार नाही.” तिने पुढचा बटाटा उचलला. पण पाचव्या दिवशी ती आली.

मी फळ्यावर पातेलं काढलं आणि दोनशे माणसांची भाजी कशी करायची ते सांगितलं. दोनशे बटाटे, न धुता, सालासकट, अख्खे, पाणी मागाहून. वेल्डर हसायला लागला. “बरोबर?” असं विचारून मी मूग गिळून बसलो. तीन मिनिटं किती लांब असतात ते त्या दिवशी मला समजलं. दुसऱ्या मिनिटाला उत्तर माझ्याच जिभेवर येऊन बसलं.

“नाही,” खिडकीजवळून आवाज आला. मग, “आधी धुवा. मग कापा. लहान मोठं एकत्र नको. लहान जळतं.”

मला इतका आनंद झाला की पुढचं टाचण मी पार विसरलो.

परीक्षेच्या दिवशी बाई प्लास्टरचा हात घेऊन आल्या आणि माझ्याबरोबर बाहेरच्या बाकावर बसल्या. घराचा प्रश्न गाळा, अशी मी परीक्षक बाईंना विनंती केली होती. प्रश्न छापील आहेत, त्या म्हणाल्या. दार अर्धवट उघडं होतं.

“तुमच्या घरी कोण कोण आहे?”

मी उठू लागलो, तर बाईंनी डाव्या हाताने माझी बाही धरली.

मग स्वयंपाकिणीचा आवाज आला, शब्द एकेक करून ठेवलेला. “हा प्रश्न मला नको. दुसरा विचारा.”

“हे तुम्ही शिकवलंत?” मी हळूच विचारलं.

“नाही. तू?”

“नाही.”

बाईंनी माझी बाही सोडली आणि डोळे पुसले. आत कागद उलटल्याचा आवाज झाला, आणि परीक्षक बाई म्हणाल्या, “बरं. दुसरा विचारते.”