पाला कोणी तोडला

तव्यावर गरम केलेला निरगुडीचा पाला मावशी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या अंगाला लावून पाहायच्या. मग समोरच्या माणसाच्या दुखऱ्या पायाला बारीकसा चिमटा काढायच्या आणि विचारायच्या, "कळून राह्यलं काय?" माणूस "हाव" म्हणाला तरच पाला त्याच्या पायाला लागायचा. कोणी नुसती मान हलवली तर दुसरा चिमटा बसायचा, पहिल्यापेक्षा जोरात. म्हातारे कळवळायचे. मावशी समाधानाने म्हणायच्या, "आता कळलं म्हणायचं."

तुमच्याही गावच्या दवाखान्यात अशी एक बाई तुम्ही पाहिली असेल. झाडून काढणारी, पाणी भरणारी, लसीच्या दिवशी रडणारी लेकरं धरणारी, हजेरीपटावर जिचं नाव सगळ्यांत शेवटी असतं ती. चिखली तालुक्यातल्या ज्या गावात मी अकरा वर्षं औषधांच्या खिडकीत बसलो, त्या गावाचं नाव मी सांगत नाही. मावशींचंही सांगत नाही. इथे मी त्यांना 'त्या' म्हणतो आहे. तेव्हा आम्ही सगळेच त्यांना अगं-तुगं करत होतो, त्या वयाने मोठ्या असूनही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मावशींचं माहेर घाटाखाली, मलकापूरला. तिथे नदीकाठी निरगुडी आपोआप वाढायची म्हणे. दवाखान्यात लागल्यावर त्यांनी माहेरहून हातभर लांबीच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने आणल्या आणि हातपंपाच्या सांडपाण्यावर लावल्या. दोन वाळल्या, दोन जगल्या. मी रुजू झालो तोवर त्यांचं डोक्याच्या वर गेलेलं दाट झुडूप झालं होतं. पानं हाताच्या बोटांसारखी पसरलेली, वरून हिरवी, खालून राखेच्या रंगाची. बारीक निळसर फुलांचे तुरे यायचे. पान चुरगळलं की कापरासारखा उग्र वास सुटायचा आणि संध्याकाळपर्यंत हाताला राहायचा.

शेळ्या त्याला तोंड लावत नसत. मावशी राखण करायच्या ती माणसांपासून. फांदी ओरबाडलेली त्यांना खपायची नाही. पान देठापाशी नखाने खुडायचं, पावसाळा सरला की विळ्याने छाटायचं, असे त्यांचे नियम होते. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात पाला जायचा, सर्दीच्या वाफाऱ्यात जायचा, वाळलेला पाला धान्याच्या कोठीत जायचा. नवीन डॉक्टर आले की विचारायचे, हे काय लावलंय? मावशी म्हणायच्या, "वासाचं झाड हाये, साहेब." पुढचं सांगत नसत. ओपीडी सुरू असताना त्यांनी पाला कधी आत आणला नाही. जे काही व्हायचं ते मागच्या ओट्यावर, दवाखाना रिकामा झाल्यावर.

त्या ओट्यावर मी स्वतः बसलो आहे. एका हिवाळ्यात माझा उजवा खांदा असा आखडला की वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. माझ्याच कपाटातल्या गोळ्या खाऊन झाल्या, मलम चोळून झालं. शेवटी मावशींनीच विचारलं. एरंडेल लावलेला गरम पाला त्या रोज माझ्या खांद्यावर बांधायच्या आणि हात भिंतीवर वर वर सरकवायला लावायच्या. मला घाई झाली की म्हणायच्या, "पाला आपलं काम करते, भाऊ. तुम्ही तुमचं करा." पाल्याने की भिंतीने ते सांगता येणार नाही, पण महिन्याभरात माझा हात वरच्या फळीला पोचला. "औषधवाला पाल्याले लागला," म्हणून त्या कितीतरी दिवस हसत होत्या.

पुढे जे घडलं त्याची सुरुवात या बऱ्या झालेल्या खांद्यापासून झाली.

मावशी भाचीच्या लग्नाला दुसरबीडला गेल्या होत्या. त्या दुपारी एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर औषधाला आले. त्यांना साखरेचा आजार होता. गोळ्या दर महिन्याला मीच द्यायचो. त्या दिवशी घोटा सुजला होता. मावशी नाहीत म्हटल्यावर ते हिरमुसले. मी ऐटीत उठलो, मागे गेलो, निरगुडीच्या दोन फांद्या ओढून तोडल्या आणि त्यांच्या पिशवीत कोंबल्या. चांगला गरम करा, घोट्यापासून बोटांपर्यंत घट्ट बांधा, असं वर सांगितलं.

चिमटा काढला नाही. साखरेच्या जुन्या रोग्याच्या पायाला चटका कळत नाही, हे मला शिकवलेलं होतं, मी ते परीक्षेत लिहिलं होतं. मावशी असलं काही शिकल्या नव्हत्या, आणि एकही पाय त्यांनी तपासल्याशिवाय सोडला नव्हता.

लग्नाहून परतल्यावर मावशी आधी झाडाकडे गेल्या आणि तिथून माझ्या खिडकीशी आल्या. फांदी कोणी तोडली, असं त्यांनी विचारलं. तोवर काहीच बिघडल्याचं मला ठाऊक नव्हतं; नुसतं त्यांचं बोलणं खावं लागू नये म्हणून मी म्हणालो, "पोरं असतील." मावशी परत झाडाकडे गेल्या आणि साल सोललेल्या जागेवर त्यांनी ओला चिखल लिंपला.

ड्रायव्हरच्या पायाला फोड आले होते. त्यांनी ते घरात कोणाला दाखवले नाहीत. जखम चिघळली, ताप भरला, बुलढाण्याला न्यावं लागलं आणि अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. ते तिथे पडून असतानाच त्यांच्या मुलाने तक्रारीचा अर्ज दिला. दवाखान्यातल्या बाईच्या पाल्याने वडिलांचा पाय जळाला, असं त्यात होतं. पाला म्हणजे मावशी, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांच्यावर विश्वास ठेवायला लोकांना वर्षं लागली होती. संशय घ्यायला एक दिवस पुरला, आणि संशय घेणाऱ्यांच्या तोंडी त्यांच्या पाल्याआधी त्यांची जात आली.

चौकशीला वरून एक अधिकारी आले. डॉक्टरांच्या खोलीत मावशी टेबलासमोर उभ्या होत्या आणि मी बाजूला, हजेरीपट घेऊन. झाड तुमचंच ना, असं साहेबांनी विचारलं. मावशी हो म्हणाल्या. पाला दिला तो दिवस विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या की मी दुसरबीडले होती. मग कोणी दिला, या प्रश्नावर त्या गप्प झाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सहज पाहिलं नाही, बघतच राहिल्या. मी समोरच्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यावर नजर लावली. बुलढाण्याच्या बदलीसाठी माझा अर्ज त्याच महिन्यात वर गेला होता. सहा आठवड्यांच्या बाळाला कोणती लस, दहा आठवड्यांच्या बाळाला कोणती, हे सगळं मी वाचून काढलं.

"म्हणजे तुम्ही नसतानाही तुमचा उद्योग चालू असतो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मानधनावरची बाई. तिला कामावरून कमी करायला फार मोठा आदेश लागत नाही. झाडही काढायचं ठरलं. कुऱ्हाड घेऊन माणूस आला तेव्हा मावशी तिथे नव्हत्या; मी होतो. नंतर दोन दिवस दवाखानाभर वास होता. रोगी विचारायचे, आज कसला वास आहे? मी त्यांना गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायचो.

माझी बदली झाली. बुलढाण्यात घर झालं, मुलीचं लग्न झालं, मी निवृत्त झालो. मावशी गाव सोडून मलकापूरला मुलीकडे राहायला गेल्याचं मधे कोणाकडून तरी कळलं होतं. आपण जाऊन यावं असं मी किती वेळा ठरवलं, ते सांगण्यात अर्थ नाही. दर वेळी काहीतरी काम निघायचं आणि मला बरं वाटायचं. शेवटी गेलो तो गेल्या वर्षी. माझ्या पत्नीचे गुडघे धरले होते. ती सहज म्हणाली, तुमच्या त्या मावशी असत्या तर दाखवलं असतं. तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "हे मले काऊन सांगता? त्यायले सांगा."

मावशींच्या मुलीचं घर बुद्धविहाराच्या गल्लीत होतं. मावशी दारात बसून तांदूळ निवडत होत्या. खूप वाळल्या होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं आणि बसायला सांगितलं. "बसा, साहेब," म्हणाल्या. अकरा वर्षं त्या मला भाऊ म्हणत आल्या होत्या.

मी सांगितलं. पाला मी तोडला, मी दिला, पाय तपासला नाही, आणि त्या खोलीत गप्प बसलो. त्यांचा सुपातला हात थांबला नाही.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पोरायले त्या झाडाचा वास आवडत नव्हता. पोरं तिकडं फिरकत नव्हती."

मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलं, असं मी विचारलं. विचारताना मला वाटत होतं, आता त्या मला वाचवल्याचं सांगतील. इतकी वर्षं मी मनाशी तेच धरून होतो, की मावशींनी माझ्यासाठी सोसलं. त्यात मला एक प्रकारचा आधारही होता.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमच्यासाठी नाही गप राह्यली मी. तसं समजू नका. मी तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. मले वाटलं, आता सांगसान, मग सांगसान. साहेबानं लिहून टाकलं तरी मी पाहूनच राह्यली होती."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या की त्यांना गावाजवळच्या उंद्रीच्या बाजारात लोक 'पाय जाळणारी' म्हणायचे, म्हणून गाव सोडलं. मी त्यांच्यापाशी कबूल करून ते नाव पुसलं जाणार नव्हतं. आधी ड्रायव्हरला सांगा, मग जिथून काढलं तिथे लिहून द्या, आणि मग या. हे त्यांनी रागाने सांगितलं नाही. एखाद्याला शेक कसा घ्यायचा ते सांगावं तसं सांगितलं.

मी जुन्या गावी गेलो तेव्हा ड्रायव्हर काठी घेऊन अंगणात बसले होते. मुलगा घरीच होता. मी दोघांसमोर बोललो. मुलगा उठून आत गेला. ड्रायव्हर म्हणाले की त्यांना ते पहिल्यापासून ठाऊकच होतं, विसरायला काय झालं. "पण गोळ्या तुमच्याच खिडकीतून घ्यायच्या होत्या. तुमचं नाव कसं घेऊ?" ते मान खाली घालून म्हणाले. माझ्यासमोर तेच ओशाळले होते. गोळ्या देणारा माणूस इतका मोठा असतो, हे मला खिडकीच्या आत बसून कधी कळलं नव्हतं.

तालुक्याच्या ऑफिसात मी लेखी निवेदन दिलं. तिथल्या तरुण क्लार्कने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, आता या बाईंचं वय उलटून गेलं असेल, परत घेता येणार नाही. मी म्हटलं, परत घेऊ नका, नोंद करा. त्याने शिक्का मारून मला प्रत दिली.

ती प्रत घेऊन मी पुन्हा मलकापूरला गेलो. विहारातली वंदना नुकतीच संपली होती, बायका गल्लीत उभ्या होत्या. मी कागद मावशींपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"मले वाचता येते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही वाचा. मोठ्यानं."

मी गल्लीत उभा राहून वाचलं. निरगुडीच्या फांद्या मी स्वतः तोडल्या, रोग्याला मी स्वतः दिल्या, सदर महिला त्या दिवशी गावात नव्हती. बायका ऐकत होत्या. कोणीतरी पोराला गप्प केलं. वाचून झाल्यावर मी कागद खाली केला, तेवढ्यात मावशींची जाऊ टोकाच्या घरातून लगबगीने आली. काय झालं, काय झालं, विचारू लागली. तीही दवाखान्याच्याच गावची, आता लेकाकडे इथे राहायला आलेली. बाजारात तिनेही ते नाव ऐकलेलं असणार.

मावशींनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि मला म्हणाल्या, "पुन्हा वाचा. इनं नाही ऐकलं."

मी पुन्हा वाचलं. या वेळी मावशी दर वाक्याला जावेकडे बघायच्या आणि मग मला पुढचं वाचायची खूण करायच्या.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद हातात घेतला, घडीवर घडी केली आणि जावेला घेऊन आत गेल्या. चहा मुलीने आणून दिला. मी तो उभ्यानेच प्यालो. निघताना दारातून येतो म्हणालो. आत दोघी कशावरून तरी बोलत होत्या, आणि मावशींचा आवाज जरा वर चढलेला होता. मला ओ आली नाही. थोडा वेळ थांबलो, मग एसटी स्टँडच्या रस्त्याला लागलो.