मंडळाने मावशीला नाही म्हटलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी कोलेस्टेरॉलपासून ऑफिसातल्या भांडणांपर्यंत सगळं सांगतो. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझा विश्वासघात झाला होता. सुरुवात इथूनच करतो, कारण इतकी वर्षं मी स्वतःला ही गोष्ट इथूनच सांगत आलोय.

इथे अमेरिकेत, हर्नडनच्या ऑफिसात, युनूस माझ्या शेजारी बसायचा. तो कराचीचा. घरं जवळ, म्हणून आम्ही कारपूल सुरू केलं. आपसात हिंदी-उर्दूत बोलायचो, क्रिकेटवरून भांडायचो. पुण्याहून भावाचा फोन नेमका सकाळी गाडीत असतानाच यायचा, आणि मी युनूसच्या शेजारी बसून बिनधास्त मराठीत बोलायचो. परदेशात ही खोड आपल्या सगळ्यांनाच लागते, नाही का? आपली भाषा म्हणजे आपली बंद खोली. बाबांचं आजारपण, फ्लॅटच्या वाटणीवरून झालेली उणीदुणी, बायकोशी धरलेला अबोला — सगळं तिथेच. आणि मधूनच, "हो, तो पाकड्या आहे शेजारी. माणूस कामाचा आहे रे, पण हे लोक शेवटी हे लोकच." युनूस समोर बघत गाडी चालवत असायचा.

मग त्याची आई कराचीहून कायमची राहायला आली. जुलेखाबी. मी भेटायला गेलो, वाकून सलाम केला. युनूसने ओळख करून दिली — हा महाराष्ट्रातला. बाई म्हणाल्या, "काय रे बाबा, घरची सगली बरी हायत ना?"

मी हातातला चहा सांडला.

त्या दापोलीकडच्या, खाडीकाठच्या. फाळणीच्या वेळी लहानपणी वडिलांबरोबर बोटीने कराचीला गेलेल्या कोकणी मुसलमान. पुढचा तासभर त्या थांबेचनात. फणस, माहेरचं तळं, लग्नातली मराठी गाणी — एक तर गाऊनच दाखवलं. मीही हरखलो. त्यांना मावशी म्हणू लागलो आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, आमच्या इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आहे, तुम्हाला यायचंय, गाणं म्हणायचंय. "सांदणं करून आणीन," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. एवढी मराठी माणसं एका जागी त्यांनी लहानपणानंतर पाहिलीच नव्हती.

घरी परतताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईची भाषा मराठी, म्हणजे युनूसला सगळं कळत होतं. सगळं! माझ्या घरातली धुणी, माझा बाप, माझं ते "हे लोक". एकदाही त्याने तोंड उघडलं नव्हतं. मी संतापलो होतो. मित्र म्हणवणारा माणूस असं चोरून ऐकतो? — आणि मी काय बोलत होतो, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत विषय काढला. त्याने शांतपणे सांगितलं. कराचीत त्याच्या शाळेच्या पुस्तकात होतं की सिंधच्या किनाऱ्यावर पहिला मुसलमान उतरला, त्या दिवशीच आपल्या मुलखाची पायाभरणी झाली. त्यापुढे सुलतान, बादशहा आणि मग थेट पाकिस्तान. त्या इतिहासात आईचं गाव कुठेच नव्हतं. म्हणजे आम्हीही मुसलमान, आमची मशीद खाडीवर कुणाला आठवत नाही तेव्हापासूनची — पण आई घरात बोलते ती भाषा कुणाची? मुलं चिडवायची, हिंदूंची म्हणून. वडिलांनी घरात फक्त उर्दू ठेवली. त्याला मराठी कळत राहिली, तोंडातून मात्र गेली ती गेलीच. "तेरी बातें बुरी लगती थीं," तो म्हणाला, "लेकिन वो ज़बान सुनने को मिलती थी. इसलिए चुप रहा."

यावर माणसाने काय करावं? मी काय केलं ते सांगतो.

मला त्याची माफी नको होती. न मागता कुणी आपल्याला माफ करून बसलेलं असावं, यासारखी चीड आणणारी दुसरी गोष्ट नाही. शिवाय मावशींना मंडळात नेलं की युनूस येणार, चारचौघांत बसणार — आणि सगळ्यांचं मराठी ऐकणार. माझं मराठी त्याने कसं ऐकलं, हेही कधीतरी बाहेर येणार. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मावशींनी सांदणं वाफवायला घेतली होती. मी चेहरा पाडून म्हटलं, "मावशी, मी खूप भांडलो हो. पण कमिटी नाही म्हणाली. पाकिस्तानातून आलेलं कुणी नको म्हणाले."

मी कमिटीला विचारलंच नव्हतं. एका शब्दाने नाही. आमच्या सेक्रेटरी काकू तर इतक्या साध्या, की त्यांनी मावशींना पहिल्या रांगेत बसवून ओटी भरायला घेतली असती.

मावशींनी गॅस बंद केला. "त्यांचा काय दोष, बाबा? आमीच गेलो ना सोडून." आणि युनूस दारात उभा होता, तो हसून म्हणाला, "देखा अम्मी? किताब में सही लिखा था, वहाँ हमारा कोई नहीं." त्याच्या पुस्तकात मावशींना जागा नव्हती. माझ्याही चौथीच्या पुस्तकात नव्हती, तिथे मुसलमान म्हणजे फक्त शत्रू. पण पुस्तकांनी त्यांना दारातून परत पाठवलं नव्हतं. ते मी केलं. मराठी माणसांनीच आपल्याला नको म्हटलं, हे त्या खरं धरून चालल्या — मरेपर्यंत. त्यानंतर मी गेलो की त्या माझ्याशी उर्दूत बोलायच्या. तोलूनमापून, जपून.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. दफनाला मी होतो. माती देऊन झाल्यावर युनूसने मला मिठी मारली आणि नातेवाइकांकडे वळून म्हणाला, "पूरे अमेरिका में एक यही था जो अम्मी के लिए अपने लोगों से लड़ा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "इतना तो करना ही था, यार."