मागच्या खोलीतलं टेबल

माझा मामा चष्म्याच्या दुकानात काचा फ्रेमच्या मापात घासून देतो. एकोणतीस वर्षं त्याचं टेबल मागच्या खोलीत होतं, फ्रेम बसवणाऱ्या बाईंच्या शेजारी. मामा एकटा राहतो. दिवसभरात त्याच्याशी कुणी बोलत असेल, तर त्या बाईच.

दुसऱ्याची अडचण त्याला बरोबर सोडवता येई. बाईंना आठवडाभर सुट्टी हवी होती, तेव्हा म्हणाला, "सकाळी विचारू नका, मालक पेपर वाचून चिडलेले असतात. जेवणानंतर विचारा. बदली कोण येणार तेही सांगून टाका, म्हणजे त्यांना नाही म्हणायला जागा उरत नाही."

सुट्टी मिळाली. बाई म्हणाल्या, "वकील व्हायचं सोडून काचा काय घासताय, दादा?"

"वकिलाला चारचौघांत उभं राहून बोलावं लागतं."

मग मालकांनी त्याचं यंत्र दर्शनी काचेपाशी हलवलं. काम दिसलं की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो म्हणे. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. मामाच्या मानेला घाम फुटे. तिसऱ्याच दिवशी त्याने एका शिक्षिकेची उजव्या डोळ्याची काच डाव्या डोळ्याच्या मापात घासली. अशी चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती.

"मालकांशी बोल ना," मी फोनवर म्हटलं.

"काय बोलायचं ते लिहून ठेवलंय गं." त्याने वाचून दाखवलं. चूक आधी आपणच सांगायची. मग मागचं टेबल मागायचं. पुढे शोभेला जुनं यंत्र ठेवा म्हणायचं. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती.

"मग अडलंय कुठे?"

"जमत नसेल तर घरी बसा म्हणाले, तर?"

"असं कशाला म्हणतील?"

"म्हणणार नाहीत. पण म्हणाले तर."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तो गेला. मालकांनी मान वर केली, "काय हो?" आणि मामाच्या तोंडून भलतंच निघालं, "किल्ली द्याल का? पहाटे येऊन, दुकान उघडायच्या आत सगळ्या काचा तयार ठेवत जाईन."

मालक खूश. असा माणूस शोधून सापडणार नाही म्हणाले.

आता तो शटर अर्धं ओढून एकटाच काम करतो. काच एकही चुकत नाही. तयार काचा बाईंच्या ताटलीत ठेवतो आणि दहाच्या आत घरी जातो. काम संपल्यावर थांबायला निमित्त लागतं, ते त्याला सुचत नाही. दिवसभर लोकांना दिसते ती रिकामी खुर्ची.

एकदा ताटलीत बाईंनी काढून ठेवलेल्या फ्रेम्सबरोबर चिठ्ठी होती. 'दादा, रुसलात का? इथे करमत नाही.'

"मग काय उत्तर दिलंस?" मी विचारलं.

"तीन लिहिलीत. पहिलं जरा जास्त सलगीचं वाटतं, दुसरं कोरडं. तिसरं बरंय."

"मग तेच ठेव ना ताटलीत."

"ठेवेन. बघतो."

"चिठ्ठी आली कधी?"

"झाले दोन महिने," म्हणाला. "हल्ली ताटलीत नुसत्या फ्रेम्स असतात."