गरम वाऱ्याची दुपार

इथं परदेशात, मुलाकडं टार्निटला, सुकल्या गवताचा वास घेऊन गरम वारा सुटला, की मला ती दुपार आठवते. सून म्हणाली होती, “बाबा, पोरीचं जॅकेट न्या, चेंज येणारे, एकदम गारठा पडेल, फोनवर दाखवतंय.” मी म्हटलं, “वारा बघायला मला फोन लागत नाही.” असा वारा सुटला की आमच्या गावी पंधरा दिवस पाऊस नाही. चार वर्षांच्या नातीला नुसत्या फ्रॉकवर पार्कात नेलं. ती घसरगुंडीवर असतानाच वारा उलटा फिरला, आभाळ काळवंडलं आणि बर्फासारखा पाऊस झोडपू लागला. आडोसा कुठंच नाही, घर वीस मिनिटं लांब. सदरा काढून तिला गुंडाळलं आणि बनियनवरच निघालो. “आजोबा, आय ॲम कोल्ड,” असं ती म्हणत होती तोवर धीर होता. मग ती बोलेनाशीच झाली, ओठ निळे पडले. “बोल गं बाई, मला शिव्या दे, पण बोल,” असं म्हणत कसंबसं घर गाठलं. सुनेनं तिला ओढून घेतलं, कोरडं करून पांघरुणात घेऊन बसली. तासाभरात पोरगी खिदळायला लागली. सून मला एक अक्षर बोलली नाही, चहा तेवढा पुढ्यात ठेवला. भांडली असती तर मीही चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. आज नात हायस्कुलात आहे, आणि मी अजून त्या भांडणाची वाट बघतोय.